एकाच कोनात हलणारे दोन काटे

चावी फिरवली, इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं, आणि ऑइल टेम्परेचरचा काटा थेट १९० अंश फॅरनहाइटवर जाऊन उभा राहिला. बोट रात्रभर उभी होती, इंजिनाच्या ब्लॉकला हात लावला असता तर गार लागला असता. पण हात कोण लावतं? दोन महिने मी हा काटा लोकांना कौतुकाने दाखवत होतो. "बघा किती स्थिर आहे, जरा हलत नाही."

हलणार कसा? तो कशाला जोडलेलाच नव्हता. म्हणजे जोडलेला होता, पण इंजिनाला नाही.

बोट सिंगल इंजिनाची, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचं युनिट मागे बाहेर), आत ८.२ लिटरचं बिग ब्लॉक व्ही-८. बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवून गार होणारं, म्हणजे 'रॉ वॉटर' पद्धतीचं. कंपनीने दिलेल्या पॅनेलवर चारच गेज होती: आरपीएम, ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्टमीटर. वेगात चालवायची बोट असेल तर ही चार पुरत नाहीत, एवढं मला वाचून कळलं होतं. नेमकी कोणती वाढवायची हे मात्र ठरत नव्हतं. फसवणूक झाली ती या 'ठरत नव्हतं'मध्येच.

ज्याच्याकडे गेलो तो बोलायला गोड, कामाची जागा चकाचक. त्याने मला इंजिनाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, कार्बन फायबरच्या नमुन्याचं पॅनेलच समोर ठेवलं. दहा गेज, सगळी एकाच मापाची, लाल काटे, स्टीलच्या कडा. "रेसच्या बोटींवर असंच असतं." मी विरघळलो. बिलावर एकच ओळ: 'गेज संच, बसवण्यासह'. सेंडर किती, कोणते, कुठे बसवणार, काही नाही. वायरिंगचा नकाशा मागितला तर म्हणाला, "तो आमच्याकडे राहतो, काही झालं तर आम्हीच येणार ना." तेव्हा हे मला सौजन्य वाटलं.

पुढचं समजायला गेज म्हणजे काय ते सांगतो. डॅशबोर्डवरची डायल म्हणजे नुसता काटा. मोजतो तो इंजिनात पेचाने बसवलेला सेंडर. साध्या इलेक्ट्रिक गेजमध्ये सेंडर दाब किंवा तापमानाप्रमाणे आपला रोध बदलतो आणि काटा तो रोध दाखवतो. अमेरिकी पद्धतीत प्रेशर सेंडर शून्य दाबाला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे ३३ ओहम. युरोपी पद्धतीत १० ते १८०, आणि उलट्या दिशेने. काट्याला पलीकडे कोण आहे हे कळत नाही. त्याला ओहम दिसले की तो हलतो. पॅनेल बघून पैसे देणारा माणूस त्या काट्याइतकाच आंधळा.

त्या दिवशी ३५०० आरपीएमवर बोट छान चालली होती. ऑइल प्रेशर ५५ पीएसआय, वॉटर प्रेशर २० च्या किंचित वर, पाण्याचं तापमान १६०, ऑइल टेम्परेचर अर्थातच १९०. सगळं चित्रासारखं. मग रबर जळाल्याचा वास आला. मी पॅनेलकडे पाहिलं, सगळे काटे जागच्या जागी. म्हणून आणखी मिनिटभर तसाच चालवत राहिलो, वास दुसऱ्या कुठल्या बोटीचा असेल असं समजून. या मिनिटाचा राग मला त्या माणसापेक्षा स्वतःचा जास्त आहे. मागून पांढरट धूर दिसला तेव्हा थ्रॉटल खाली आला.

सी पंपाचा इंपेलर फाटला होता. हा पंप बाहेरचं पाणी आत ओढतो, त्यातला रबरी पात्यांचा पंखा म्हणजे इंपेलर. चार पाती तुटून पुढे गेली होती. नंतर तीन कूलरच्या तोंडाशी सापडली, चौथी कुठे गेली देव जाणे. एक्झॉस्टचे होज आतून वाहणाऱ्या पाण्याने गार राहतात. पाणी थांबलं की तापलेला वायू थेट रबरावर, आणि होज लगेच जळायला लागतो. ब्लॉकमध्ये त्या क्षणी जुनं पाणी शिल्लक होतं, म्हणून तापमानाचा काटा निवांत. कंपनीचा बझरही गप्प, कारण त्याचा तापमानाचा स्विच त्याच पाण्यात बसलेला. आणखी उशीर झाला असता तर पाणी उकळून गेलं असतं, सेंडर कोरडा पडला असता आणि काटा कदाचित खालीच आला असता, कारण कोरड्या जागेतला सेंडर धातूचं खरं तापमान नीट पकडत नाही. म्हणूनच रॉ वॉटर इंजिनावर वॉटर प्रेशर गेज लावायचं. पंप गेला की दाब आधी पडतो, तापमान नंतर वाढतं. मी ते गेज लावलं होतं, पैसेही मोजले होते. पंप मेल्यावरही ते २० दाखवत होतं.

दुसऱ्या मेकॅनिकने पॅनेल उघडलं. उघडलं म्हणजे कापलं, कारण मागची बाजू सिलिकॉनने बंद केलेली होती. ("पाणी जाऊ नये म्हणून.") तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला आणि मला आत डोकवायला सांगितलं.

ऑइल टेम्परेचर गेजच्या मागे दोन सेंटीमीटरचा एक रेझिस्टर, एक टोक सेंडरच्या जागी, दुसरं थेट अर्थवर. बस्स. ठरावीक ओहम, ठरावीक १९०. ऑइल पॅनला सेंडर नव्हताच, त्यासाठी भोकही पाडलेलं नव्हतं.

वॉटर प्रेशरची करामत याहून हुशारीची. ऑइल प्रेशरचा जुना सेंडर काढून तिथे 'ड्युअल स्टेशन' सेंडर बसवला होता. दोन ठिकाणांहून चालवायच्या बोटीसाठी असा सेंडर मिळतो. त्याचा रोध निम्मा असतो, म्हणजे एका सेंडरवर दोन गेज बरोबर चालतात. यातलं दुसरं गेज म्हणजे माझं वॉटर प्रेशर! ऑइलची डायल ८० पर्यंत, पाण्याची ३० पर्यंत, ओहम तेच. ऑइल ५५ म्हणजे डायलच्या सुमारे ६९ टक्क्यांवर, आणि ३० चे ६९ टक्के म्हणजे साधारण २०. आरपीएम वाढवला की ऑइलचा दाबही वाढतो आणि पाण्याचाही, त्यामुळे खोटं नाटक अगदी खऱ्यासारखं वठतं. पाण्याच्या लाइनला हात न लावता, एक नळी न टाकता.

फसवणूक बाजूला ठेवली तर त्या डोक्याला दाद द्यावीशी वाटते.

पुरावा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. दोन्ही काटे कायम एकाच कोनात. एक जरा थरथरला की दुसराही. शिवाय सकाळी थंड इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता, सर्वांत कमी वेगात) असताना वॉटर प्रेशर २२, तासाभराने त्याच आयडलवर सात-आठ. घट्ट थंड ऑइलचा दाब जास्त असतो आणि ते तापलं की कमी होतो, हे मला माहीत होतं. पाण्याच्या दाबाला ऑइलच्या घट्टपणाशी काय घेणंदेणं, हा प्रश्न मात्र पडला नाही.

बाकीचं पटकन सांगतो. एअर-फ्युएल रेशोचं, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचं, गेज तिसऱ्या आठवड्यातच बंद पडलं होतं. त्याचा सेन्सर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं त्या जागेच्या फार जवळ होता, आणि आयडलवर उलट ओढलं जाणारं पाणी तिथे पोचलं की तापलेला सेन्सर मरतो. हा वॉरंटीत येत नाही असं मला सांगितलं गेलं. वायर सगळी साध्या तांब्याची, कथिलाचा मुलामा असलेली मरिन वायर नव्हे. क्रिंपपाशी, म्हणजे वायरच्या दाबून बसवलेल्या जोडापाशी, हिरवट गंज धरायला सुरुवात झाली होती.

मात्र फ्युएल प्रेशरचं गेज बघून मेकॅनिकचं हसू गेलं. ते इलेक्ट्रिक नव्हतं, मेकॅनिकल होतं. म्हणजे इंजिनाला इंधन वाटणाऱ्या रेलपासून पेट्रोलने भरलेली, दाबाखालची बारीक नळी थेट माझ्या गुडघ्यांसमोरच्या डॅशबोर्डपर्यंत आणलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, गळली तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते. याचसाठी इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा असतो आणि याचसाठी पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातले विजेचे भाग 'इग्निशन प्रोटेक्टेड', म्हणजे ठिणगीने वाफ पेटवणार नाहीत असे, लागतात. एवढं सगळं पाळायचं आणि वर पेट्रोल माणसांच्या पायाशी आणून ठेवायचं! खोट्या काट्यांनी माझं इंजिन गेलं असतं. या नळीने काय गेलं असतं त्याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो. आधी म्हणाला की असं होऊच शकत नाही. मग म्हणाला की ते काम हाताखालच्या मुलाने केलं. शेवटी म्हणाला, "दोन महिने वापरलंत ना, तेव्हा तक्रार केली नाहीत." रेझिस्टरच्या फोटोवर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. लेखी तक्रार दिली, दुसऱ्या मेकॅनिकचा सही केलेला अहवाल जोडला. पॅनेलचे पैसे परत आले, तेही तीन तुकड्यांत. होज, पंप, कूलरची सफाई आणि हंगामातले वाया गेलेले आठवडे माझ्या डोक्यावर. पॅनेल कापण्याआधी मी व्हिडिओ काढला नव्हता. सिलिकॉन कापताना, वायर सोडवताना सलग चित्रीकरण असतं तर "तुम्हीच नंतर बदललं असेल" हे वाक्य ऐकावं लागलं नसतं.

आता कोणी पॅनेल बसवून दिलं तर पैसे देण्याआधी मी अर्धा तास घेतो. थंड इंजिन, चावी ऑन, इंजिन बंद: दोन्ही तापमानांचे काटे तळाशी हवेत, दोन्ही दाब शून्यावर, व्होल्टमीटर साडेबाराच्या आसपास. मग प्रत्येक सेंडरपाशी जायचं, बोट ठेवून दाखवायला सांगायचं. त्याची वायर काढली की तोच काटा एका टोकाला गेला पाहिजे, आणि वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली की दुसऱ्या टोकाला. दुसरा कुठला काटा सोबत हलला तर का, ते विचारायचं. इंजिन तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर सेंडरच्या बुडाशी धरायचा. आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण काटा चढताना दिसला पाहिजे. ऑइल टेम्परेचर तर पाण्याच्या बरंच मागून, सावकाश चढतं. ते लगेच जागेवर बसत असेल तर माझा रेझिस्टर आठवा. आणि बिलावर प्रत्येक सेंडर वेगळ्या ओळीत, त्याच्या ओहमसह. यातलं काहीही करायला खरा कारागीर नकार देत नाही. माझ्या मेकॅनिकने तर सेंडर गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून, मीटर लावून मला ओहम उतरताना दाखवले.

ज्यांचं इंजिन नवं, संगणकाने चालणारं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. तुमच्या इंजिनाच्या मॉड्यूलकडे यातले बरेच आकडे आधीच असतात आणि योग्य गेटवे (जोडणारा अडॅप्टर) लावला की एनएमईए २००० च्या, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, केबलवरून ते पडद्यावर येतात. तिथे पुन्हा सेंडर आणि डायल विकणारा तुमचीच माहिती तुम्हाला दुसऱ्यांदा विकत असतो. आधी मॉड्यूल काय देतं ते विचारा.

माझ्या पॅनेलवर आता सहा गेज आहेत: आरपीएम, ऑइल प्रेशर, वॉटर प्रेशर, पाण्याचं तापमान, ऑइल टेम्परेचर, व्होल्टमीटर. ऑइल प्रेशरला मी दर हजार आरपीएममागे १० पीएसआयचा ढोबळ हिशोब लावतो, ऑइल टेम्परेचर २५० फॅरनहाइटकडे सरकलं की थ्रॉटल मागे घेतो. फ्युएल प्रेशर बघायचं असेल तर इलेक्ट्रिक सेंडरवर, पण ते अजून लावलेलं नाही. डॅशबोर्डमध्ये चार गोल भोकं उरली, त्यांना काळी रबरी झाकणं बसवली आहेत. दिसायला वाईट दिसतं. बोटीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, इथे काय होतं?

परवा ऑइल टेम्परेचर १९० वर यायला पंधरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघत बसलो होतो.