मेंढ्या घ्याव्यात की अल्पाका? कातरणीचा दिवस बघून ठरवा

न्यूझीलंडात गावाबाहेर तीन-चार एकर जागा घेतली की पहिली डोकेदुखी गवताची. ते वाढतच राहतं, खायला कोणीतरी हवं. मग मेंढ्या की अल्पाका (उंटाच्या कुळातला, लांब मानेचा, लोकर देणारा प्राणी) हे ठरवताना लोक किंमत बघतात, कुंपण बघतात, दिसायला गोड कोण ते बघतात. आमच्याकडे दोन्ही आहेत, सहा रोम्नी मेंढ्या आणि तीन अल्पाका. मी म्हणेन, कातरणीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. वर्षातून एकदा तरी तो दोघांनाही चुकत नाही.

मेंढ्यांची तयारी आदल्या संध्याकाळची. त्यांना शेडमध्ये घ्यायचं आणि चारा बंद करायचा. शिअरर, म्हणजे लोकर कातरणारा, मेंढीला ढुंगणावर बसवून, तिची पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवून कातरतो. पोट भरलेलं असताना अशी दुमडली की तिला धाप लागते, ती लाथा झाडते आणि लेंड्यांचा सडा पडतो. रिकाम्या पोटी तीच मेंढी पोत्यासारखी गप्प बसते. छप्पर हवं ते दवासाठी. ओली लोकर कोणी कातरत नाही आणि भरून ठेवली तर कुजते. पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून आत मनगट टेकवा, ओल लगेच कळते. शेपटीखाली लोंबणारे वाळक्या लेंडीचे गोळेही आधीच कापून ठेवा. पहिल्या वर्षी मी ते तसेच ठेवले होते. शिअररने काही न बोलता कातर माझ्या हातात दिली. आणि मेंढी लोकरीला धरून ओढू नका, कातडीखाली रक्त साकळतं. हनुवटीखाली हात घालून वळवा.

अल्पाकाची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. मेंढीच्या लोकरीतलं तेल मशीनच्या कंगव्याला वंगणासारखं उपयोगी पडतं. अल्पाकाच्या लोकरीत ते जवळपास नसतंच, वर हा प्राणी धुळीत लोळण्यात पटाईत. ती माती पात्यांची धार घालवते. म्हणून त्यांची लोळायची जागा बंद करून हिरव्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कुरणात, ठेवायचं, गवताच्या काड्या नि कुसळं हाताने वेचायची. धुवायचं मात्र नाही, दाट लोकर लवकर वाळत नाही. कातरायच्या आदल्या रात्री यांनाही चारा नाही, अंगावर छप्पर हवंच.

माणदेशात लहानपणी धनगरांची कातरणी बघितली होती. पाय बांधून मेंढी आडवी टाकायची आणि कातरीची कच-कच चालू. इथली मेंढी मोकळी बसते. पाय बांधतात ते अल्पाकाचे, पुढचे-मागचे दोरांनी ताणून, चटईवर आडवा. एकाने डोकं धरायचं आणि तोंडावर जुना मोजा चढवायचा, कारण तो थुंकतो. त्या आंबूस हिरव्या पिचकारीचा वास दोन धुण्यांत जात नाही. काही अल्पाका तर गळा काढून किंचाळतात, शेजारी धावत यावेत असे. म्हणजे शिअररखेरीज घरची दोन माणसं हवीत. त्याच बैठकीत नखं कापून होतात, वाढलेले दातही झिजवून आखूड करतात. पांढऱ्यापासून सुरुवात करा, काळा शेवटी. नाहीतर पांढऱ्या लोकरीत काळे केस वेचत बसाल.

पैशाचं म्हणाल तर रोम्नीची जाडीभरडी लोकर विकून कातरणीचा खर्चही बहुतेकदा निघत नाही. आमची लिंबाच्या झाडांच्या बुंध्याशी जाते. अल्पाकाची मजुरी मेंढीपेक्षा बरीच जास्त, पण पाठीवरची लोकर स्वच्छ असली तर सूत कातणाऱ्या बायका घरी येऊन घेऊन जातात. मान वेगळी, पाय-पोट वेगळं, अशा पिशव्या आधीच नाव घालून ठेवा.

घरात विणकाम होत असेल आणि हाताशी माणसं असतील तर अल्पाका घ्या, पण तीनपेक्षा कमी नकोत, एकटा अल्पाका झुरतो. फक्त गवत आटोक्यात ठेवायचं असेल तर मेंढ्या. आणि कातरणीच नको असेल तर विल्टशायर मेंढी बघा, ती आपली लोकर आपणच गाळते. मी आज सुरुवात केली असती तर कदाचित हेच केलं असतं.

कोणतंही घ्या, शिअरर आधी शोधा. दिवसाला ३०० मेंढ्या कातरणारा माणूस सहासाठी गाडी काढत नाही. शेजारच्या दोन-तीन घरांची जनावरं एकत्र करून बोलवावं लागतं. अल्पाका कातरणारे तर महिनोन् महिने आधी भरलेले असतात. इथे दिवाळी वसंतात येते. दिवाळीनंतरची तारीख हवी असेल तर फोन आषाढातच करा.