‘इनसाइड आउट २’: खुर्ची बळकावणारी मदतनीस

२०१५ साली पिक्सार या अॅनिमेशन संस्थेने रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातील पाच भावनांचा कारभार पडद्यावर मांडला होता. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या भागात रायली तेरा वर्षांची झाली आहे, एका रात्री वयात येण्याचा भोंगा वाजतो आणि दुसऱ्या दिवशी ती तीन दिवसांच्या आइस हॉकी शिबिराला निघते. दिग्दर्शनाची धुरा पीट डॉक्टर यांच्याकडून केल्सी मॅन यांच्याकडे आली आहे, पण कथेचा सांगाडा फारसा बदललेला नाही; जॉय, म्हणजे आनंद, पुन्हा रायलीच्या मनाच्या मुख्यालयाबाहेर फेकली जाते आणि पुन्हा परतीची वाट शोधत फिरते. एवढ्या ओळखीच्या वाटेवरूनही चित्रपट प्रेक्षकाला धरून ठेवतो, याचे श्रेय मला पटकथेपेक्षा आवाजांना द्यावेसे वाटते.

त्यातही पहिला मान माया हॉकचा. तिने आवाज दिलेली अँझायटी, म्हणजे चिंता, या चित्रपटातील खलपात्राची जागा घेते, परंतु ती येते ती सामानसुमान घेऊन, हे कुठे ठेवू असे विचारत, एखाद्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या उत्साही कर्मचाऱ्यासारखी. हॉकच्या आवाजात किंचित खरखर आहे, वाक्य संपण्याआधीच पुढच्या वाक्याकडे धावण्याची घाई आहे आणि या घाईतही एक आर्जव आहे. रायलीचे भले व्हावे हीच तिची इच्छा आहे, हे आपल्याला शेवटपर्यंत खरे वाटत राहते. त्यामुळेच ती जॉयला बाजूला सारून नियंत्रणफलक ताब्यात घेते तेव्हा तिचा राग येण्याऐवजी धास्ती वाटते, कारण घरातली काळजीवाहू माणसे नेमकी याच सुरात बोलतात.

एमी पोलरची जॉय पहिल्या भागात कधीकधी कानाला टोचत असे. येथे तिला एक मोठा प्रसंग मिळाला आहे: मनाच्या अडगळीत अडकल्यावर तिचा बांध फुटतो आणि सतत आनंदी राहणे किती कठीण असते, हे ती सहकाऱ्यांवर ओरडून सांगते. यानंतर तिला सावरण्याचे काम अँगर, म्हणजे राग, करतो, आणि तेही चुका होत राहणारच असे हलक्या स्वरात समजावून. रंगमंचावर संतापून बोलण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या लुईस ब्लॅक या विनोदवीराकडून ही चार वाक्ये इतक्या मऊपणे ऐकायला मिळावीत, ही दिग्दर्शकाची नेमकी खेळी आहे. फिलिस स्मिथची सॅडनेस, म्हणजे दुःख, पूर्वीइतकीच रेंगाळणारी आणि पूर्वीइतकीच लोभस.

फिअर (भीती) आणि डिसगस्ट (किळस) यांचे आवाज मात्र बदलले आहेत. बिल हेडरच्या जागी टोनी हेल आणि मिंडी केलिंगच्या जागी लायझा लॅपिरा आले आहेत, पण बहुतेकांच्या हे ध्यानातही येणार नाही. यात दोघांचे कौशल्य आहेच. तथापि ही दोन पात्रे मुळात ठरावीक साच्याची आहेत, असेही यातून उघड होते.

नव्या चौघांमध्ये वाटणी न्याय्य झालेली नाही. आयो एडेबिरीसारखी चतुर अभिनेत्री हाती असताना तिच्या एन्व्हीला, म्हणजे मत्सराला, मोठे डोळे करून हळहळण्यापलीकडे फार काही करू दिलेले नाही. आनुई ही कंटाळलेली भावना सोफ्यावर पसरून फोनवरूनच नियंत्रणफलक चालवते. तिला फ्रेंच अभिनेत्री अदेल एग्झार्कोपुलोसचा निर्विकार आवाज चपखल बसतो, पण पात्र तेवढ्या एका विनोदावरच थांबते. याउलट पॉल वॉल्टर हाउजरचा एम्बरॅसमेंट, म्हणजे ओशाळलेपणा, जवळजवळ बोलतच नाही, केवळ हुंकारतो आणि टोपरे ओढून तोंड लपवतो, तरीही गुपचूप परतलेल्या सॅडनेसला पाठीशी घालताना तो आपली माया मिळवून जातो. नव्वदी ओलांडलेल्या जून स्क्विबची नॉस्टॅल्जिया, म्हणजे गतस्मृतींची ओढ, ही आजीबाई दारातून डोकावते आणि तुझी वेळ अजून आलेली नाही असे सांगून परत पाठवली जाते. चित्रपटातील सर्वांत नेटका विनोद हाच.

रायलीचा आवाज पहिल्या भागात केटलिन डायसचा होता, आता तो केन्सिंग्टन टॉलमनचा आहे. स्वतः किशोरवयात असलेल्या या मुलीची खरी कसोटी संवादांत लागत नाही. सामन्यात मैत्रिणीला धडकल्याबद्दल रायलीला मैदानाबाहेरच्या शिक्षेच्या बाकावर बसवले जाते, तिचा हात छातीवर जातो आणि श्वास तुटक, उथळ, अधिकाधिक वेगवान होत जातो. त्याच वेळी आत अँझायटी नियंत्रणफलकाभोवती नारिंगी वावटळीसारखी फिरते आहे, पण तिच्या मध्यभागी ती स्वतः थिजलेली आहे आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले आहे. हे दृश्य टॉलमनच्या श्वासावर तोललेले आहे. तो जरा जरी खोटा वाटला असता तर सारे ढासळले असते.

हिंदी आवृत्तीत रायलीसाठी अनन्या पांडे हिचा आवाज आहे. पोस्टरवर नाव झळकावे यासाठी अशी निवड समजण्यासारखी असली, तरी या भूमिकेला शोभतो तो न मुरलेला, किंचित अडखळणारा आवाज, आणि माझ्या मते तो किशोरवयातल्याच कुणाकडून मिळू शकतो. इंग्रजी समजू लागलेल्या मुलांना मूळ आवृत्तीच दाखवावी. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र हिंदीच सोयीची. त्यांना पाउची या बोलक्या पिशवीची आणि तिच्या अचाट ऐवजाची गंमत कोणत्याही भाषेत कळते, आणि बाकावरच्या त्या दृश्यावेळी मोठ्यांनी शेजारी बसलेले बरे.