टॉमकॅट टाकायचंय, पण कशावर? विंडोज, उबुंटू की अल्मालिनक्स

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना आहे, ऑर्डर आणि स्टॉकसाठी कोणीतरी जावामध्ये सॉफ्टवेअर करून दिलंय, आणि ऑफिसातल्याच एखाद्या मशीनवर टॉमकॅट (जावाचं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता यावं म्हणून लागणारा सर्व्हर प्रोग्राम) टाकून ते चालवायचंय, असं धरून लिहितोय. मशीनवर विंडोज ठेवायचं, की उबुंटू किंवा अल्मालिनक्स हे लिनक्सचे प्रकार, हा प्रश्न.

मशीनला हात लावण्याआधी प्रोग्रामरला फोन करा. कोड जुन्या 'जावाएक्स' नावांचा आहे की नव्या 'जकार्ता' नावांचा, एवढंच विचारा. टॉमकॅट 9 पर्यंत जुनी नावं चालतात, 10 पासून नवी लागतात. जुना कोड तसाच नव्यावर टाकला तर टॉमकॅट व्यवस्थित सुरू होतं आणि तुमचं सॉफ्टवेअर मात्र उघडत नाही. मग दोन दिवस लोक नेटवर्कला शिव्या घालतात. जावाचंही बघा: टॉमकॅट 9 ला जावा 8 पुरतं, 10.1 ला किमान 11 लागतं, 11 ला 17. निम्मी निवड इथेच होते, कारण उबुंटू 24.04 सोबत टॉमकॅट 10 येतं आणि अल्मालिनक्स 9 सोबत 9. विंडोजवर हवं ते डाउनलोड करून टाकता येतं.

विंडोजच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे टॅली. ते विंडोजवरच आहे, अकाउंटंटचा हात त्यावर बसलेला आहे, बारकोड प्रिंटरचा ड्रायव्हरही तिथे बिनबोभाट चालतो. पण टॉमकॅट टाकताना इन्स्टॉलरवालंच घ्या, म्हणजे ते सर्व्हिस म्हणून बसतं, खिडकी न उघडता मागे चालत राहतं. झिप उघडून बॅच फाइलवर डबल क्लिक करण्याची सवय लावली की स्क्रीनवर एक काळी खिडकी राहते, आणि संध्याकाळी कोणीतरी 'हे काय उघडं राहिलंय' म्हणून ती बंद करतं.

विंडोजवर मराठीचा घोळ वेगळाच. जावा 17 किंवा त्याआधीचं असेल तर ते अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, विंडोजकडून घेतं. प्रोग्रामरने कोडमध्ये यूटीएफ-8 (मराठी नीट सांभाळणारं एन्कोडिंग) स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर चलनावर 'जोडभावी पेठ'च्या जागी '??????? ???' छापून येतं. जावा 18 पासून यूटीएफ-8 हेच ठरलेलं आहे. जुन्यात टॉमकॅटच्या जावा सेटिंगमध्ये ते हाताने लिहावं लागतं. शिवाय मशीन विंडोज 10 चं असेल तर त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. विंडोज 11 वर जाणार असाल तर अपडेटनंतरच्या रीस्टार्टची वेळ आधी ठरवा, नाहीतर ऐन डिस्पॅचच्या वेळी सर्व्हर खाली.

उबुंटू सर्व्हर जुन्या आय-3 वरही हलकं चालतं, लायसन्सचा खर्च नाही, आणि 24.04 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. तयारीत दोन गोष्टी मात्र चुकवू नका. पहिली घड्याळ. सर्व्हर इन्स्टॉल झाल्यावर वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. रात्रपाळीत पहाटे तीनला टाकलेली उत्पादनाची नोंद आदल्या तारखेला जाते. महिनाअखेरीला पाळीचा हिशोब जुळत नाही आणि दोष सुपरवायझरच्या माथी येतो. टाइमझोन 'एशिया कोलकाता' करूनच पुढे जा. दुसरी गोष्ट फोल्डरची. उबुंटूच्या पॅकेजमधलं टॉमकॅट ठरावीक फोल्डर सोडून कुठेही लिहू शकत नाही. पीडीएफसाठी वेगळं फोल्डर केलं, सगळ्या परवानग्या दिल्या, तरी ते 'रीड-ओन्ली' म्हणत बसतं. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता जोडला की सुटतं. विंडोजवरून हलवत असाल तर फाइलच्या नावांतली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही तपासा. विंडोज ती सारखी मानतं, लिनक्स मानत नाही. डिझाइनचे फोटो गायब होतात ते बहुतेकदा यामुळेच.

अल्मालिनक्स (किंवा त्याच्याचसारखं रॉकी लिनक्स) मला आवडतं, पण ते प्रत्येकाला सुचवणार नाही. 9 व्या आवृत्तीला 2032 पर्यंत अपडेट आहेत, सुरक्षाही कडक आहे. फायरवॉल पहिल्यापासून चालू असतो, त्यामुळे टॉमकॅटचं 8080 पोर्ट स्वतः उघडल्याशिवाय शेजारच्या टेबलावरूनही सॉफ्टवेअर दिसणार नाही. वर एसईलिनक्सचा, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा, पहारा आहेच. इंटरनेटवर त्याला एकच सल्ला सापडतो, तो बंद करा. बंदच करायचा असेल तर अल्मा घेतलंच कशाला? आणि कोर टू ड्युओच्या जमान्यातलं मशीन असेल तर विषयच संपला, 9 त्यावर चालतच नाही.

माझं मत सरळ आहे. वेगळं मशीन देता येत असेल तर उबुंटू, आणि टॅली राहू दे अकाउंटंटच्या पीसीवर. दोन्ही मशीनं नेटवर्कवरून एकमेकांशी बोलू शकतात. कोड जुना असेल तर उबुंटूवर टॉमकॅट 9 अपाचेच्या साइटवरून घ्यावं लागेल, तेवढं काम धरून चला. वेगळं मशीन नसेल आणि लिनक्स जाणणारा कोणी फोनवरही सापडत नसेल, तर विंडोजच बरं. अल्मा तेव्हाच, जेव्हा प्रोग्रामर स्वतः त्यावरच चाचणी करत असेल.

काहीही घेतलं तरी बायोसमध्ये 'लाइट आल्यावर आपोआप सुरू' हे सेटिंग चालू करा आणि टॉमकॅटची सर्व्हिस ऑटोमॅटिक ठेवा. मग एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून, पाच मिनिटांनी लावून, दुसऱ्या पीसीवरून सॉफ्टवेअर उघडतंय का ते बघा. हे रविवारी करा, लूम बंद असताना.