दत्तक इग्वानासाठी घेतलेली यूव्हीबी नळी: एका पावसाळ्यानंतरचं मत

हे मत आर्केडिया कंपनीच्या प्रो-टी५ किटबद्दल आहे. ३९ वॅट, १२ टक्के यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण), साधारण पावणेतीन फुटांची नळी. फोंड्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे नळी, चोक, होल्डर हा रोजचाच धंदा. पावसाळा सरल्यावर लिहितोय, कारण गोव्यात या नळीचा कस जून ते सप्टेंबरमध्येच लागतो. एरवी आपल्याकडे ऊन फुकट मिळतं.

नळी घ्यावी लागली ती खंडूसाठी. खंडू म्हणजे हिरवा इग्वाना, पाला खाणारा मोठा सरडा, शेपटीसकट जवळजवळ पाच फूट. पर्वरीचं एक कुटुंब पोर्तुगालला निघालं होतं, त्यांच्याकडून तो आमच्या घरी आला. लाकडी पिंजरा, पेरूच्या जाड फांद्या, पाण्याचं घमेलं, सगळं त्यांनी प्रेमाने बांधून दिलं. पिंजऱ्यावर पिळाचा यूव्हीबी दिवा होता. "भाऊ, दिवा बदलू नका, बघा अजून कसा लख्ख पेटतो," वहिनी म्हणाल्या.

पेटत होता हे खरंच. पण जे कोणी असा मोठा प्राणी दुसऱ्याकडून घेणार आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की दिवा पेटतो यावरून त्यातून यूव्हीबी येतं असं धरू नका. डोळ्याला दिसणारा उजेड वेगळा आणि इग्वानाला लागणारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण वेगळे. नळीच्या आतला लेप वापराने उतरत जातो, किरण घटत जातात, उजेड मात्र तसाच राहतो. ते किरण कातडीवर पडले तरच अंगात ड जीवनसत्त्व बनतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाही मिळालं की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं.

खंडूच्या बाबतीत तेच सुरू झालं होतं. फांदीवर चढताना मागच्या पायांची बोटं बारीक थरथरायची. खालचा जबडा बोटाने हळूच दाबला तर किंचित लवायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कॅल्शियमचं औषध सुरू केलं आणि त्यांच्याकडचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर, मोजायचा मीटर मला दोन दिवस वापरायला दिला. जुन्या दिव्याखाली, खंडूची पाठ जिथे येते तिथे, मीटरने जवळजवळ शून्य दाखवलं. नव्या नळीखाली दीड फुटावर तीनच्या आसपास आकडा आला. उन्हात अंग शेकणाऱ्या इग्वानाला एवढं हवंच.

आता किटबद्दल. पट्टी हलकी आहे, आत चकचकीत परावर्तक आहे, त्यामुळे वर जाणारा प्रकाशही खाली फिरतो. दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या घट्ट बसतात. आषाढात माझ्या दुकानातल्या साध्या पट्ट्यांच्या पिना हिरव्या पडतात, इथे आत ओल शिरलेली दिसली नाही. चोक इलेक्ट्रॉनिक असल्याने दाब खालीवर झाला तरी नळी लुकलुकली नाही. वीज गेली की ३९ वॅटचा भार घरचा इन्व्हर्टर सहज घेतो.

बसवणं मात्र नीट करायला हवं. मी पट्टी जाळीच्या आतल्या बाजूने, छताला लाकडी रीप मारून लावली. बाहेरून जाळीवर ठेवली तर बारीक जाळी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किरण अडवते, आणि मधे काच असेल तर यूव्हीबी जवळपास येतच नाही. नळी डोक्यावरच हवी. बाजूने लावली तर किरण सरळ डोळ्यांत जातात आणि डोळे सुजतात. शेकायचा हॅलोजन दिवा तिच्या शेजारीच लावा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच फांदीवर मिळतील. फांदीवर ३२ ते ३५ अंश असावेत, कारण एवढी ऊब नसेल तर पाला पचत नाही.

सकाळी नळी लागली की खंडू त्या फांदीवर येतो, बरगड्या पसरून अंग चपटं करतो, गळ्याची झालर खाली सोडतो आणि एक डोळा मिटतो. मग एक जोरदार शिंक. नाकावाटे जास्तीचं मीठ टाकायची त्यांची ती रीत आहे. काचेवर वाळलेले पांढरे ठिपके रोज पुसावे लागतात. पुसल्यावर हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला जंतूंची भीती असते.

तक्रार आहे ती ऑनलाइन विक्रेत्याबद्दल. किट दहा हजारांच्या आसपास पडलं, आणि एवढे पैसे घेऊन नळी पातळ पुठ्ठ्यात पाठवली. प्लग आपल्या सॉकेटात बसणारा नव्हता आणि अ‍ॅडाप्टरही दिला नव्हता. फोन केला तर "बाजारात मिळेल" एवढंच उत्तर. मला प्लग बदलता येतो, सगळ्यांना येत नाही.

बोटांची थरथर आता थांबली आहे आणि जबडा घट्ट लागतो. सगळं श्रेय नळीला देणार नाही. डॉक्टरांचं औषध होतं, शिवाय पानात शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं रोज. पालक आणि तांबडी भाजी मी बंद केली. पावसात परसात तेरं (रानअळू) माजतं, पण तेही देऊ नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.

कागदांचं दोन शब्दांत सांगतो. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे, इग्वाना त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर लागते, आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. मूळ नोंद नसेल तर प्राणी कितीही देखणा असो, घरी आणू नका. आमच्या वाड्यावर लोकांना तो घोरपडच वाटला, आणि घोरपड पाळणं गुन्हा आहे. मी त्यांना कानाखालचं ते मोठं गोल खवलं आणि पाठीवरचे काटे दाखवले, नोंदीची प्रत पिंजऱ्याला लावली, मग शेजारची मुलं जास्वंदीची फुलं घेऊन यायला लागली.

नळी पेटत असली तरी १२ महिन्यांनी बदलायची, असं कंपनीच सांगते. मी पट्टीवर बसवल्याची तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवली आहे. नवी नळी मे महिन्यातच मागवणार आहे, म्हणजे पावसाच्या तोंडावर हाताशी असेल. तुमच्या पिंजऱ्यात दिवा आणि पाठ यांत दीड फुटाचं अंतर राहत नसेल, तर १२ टक्क्यांऐवजी ६ टक्क्यांची नळी घ्या आणि लावण्याआधी मीटरने एकदा मोजून बघा.