गांधीलमाशीचं पोळं: राहू द्यावं की काढावं?

आधी पोळं कुणाचं ते बघा. मातीनं लिंपलेलं, भिंतीला चिकटलेलं असेल तर ते कुंभारणीचं. ती एकटीच राहते आणि घर राखायला अंगावर येत नाही. तिला खुशाल राहू द्या. राखाडी, कागदी, बारीक देठाला टांगलेलं आणि खालून षटकोनी घरं उघडी दिसणारं पोळं मात्र गांधीलमाशीचं. विचार करायचा तो याचाच.

बागेच्या कोपऱ्यात असेल तर मी राहू द्यायच्या बाजूची आहे. आमच्या टोमॅटोच्या वाफ्यात सकाळी एखादी गांधीलमाशी पानापानाखाली शोधत फिरते. अळी सापडली की तिथंच चावून तिचा हिरवा गोळा करते आणि पोळ्यातल्या पिल्लांना भरवायला नेते. स्वतः ती फुलांतला रस पिते. जुन्या लाकडी फाटकावर बसली की जवळून बारीक कुरकुर ऐकू येते: लाकूड खरवडायचं, लाळेत कालवायचं, त्याचाच पोळ्याचा कागद. एक गोष्ट मात्र खरी, कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या वाढवत असाल तर त्याही ती सोडत नाही.

दाराची चौकट, विजेचा मीटर, कपड्यांची दोरी, मुलांचा झोपाळा अशा ठिकाणी मी पोळं ठेवणार नाही. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते, गांधीलमाशीची तुटत नाही. ती पुन्हा पुन्हा डसते. पोळ्याला धक्का लागला तर एकीबरोबर बाकीच्याही येतात. घरात कुणाच्या अंगावर पूर्वी डंखानं गांधी उठल्या असतील, तर बागेतलं पोळंही काढूनच घ्या. डंखानंतर चेहरा सुजला, घसा आवळला किंवा धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

काढायचंच तर लवकर. चार-पाच घरांचं, एकदोन माश्यांचं असताना लांब काठीनं पाडता येतं. नंतर काही दिवस लक्ष ठेवा, त्या तिथंच पुन्हा बांधायला घेतात. माश्यांनी भरलेलं पोळं असेल तर जाणकार माणूस बोलवा. चूड पेटवून जाळायची जुनी पद्धत तर अजिबात नको. छपराखाली आग आणि चवताळलेल्या माश्या, दोन्ही एकदम अंगावर येतात.

आमच्याकडे यंदा दोन पोळी होती. जिन्याखालचं काढून घेतलं. पेरूवरचं अजून आहे. तेवढ्या फांदीचे पेरू आम्ही तोडत नाही.