नवे म्हणून विकलेले टायर निघाले साडेसहा वर्षांपूर्वीचे

टायर चकचकीत दिसतो, त्याची नक्षी पूर्ण खोल असते, त्यावर कंपनीचे स्टिकरही असते, आणि तरीही तो कितीतरी वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडलेला असू शकतो. दुकानदाराने ठरवलेच, तर गाडीच्या मालकाला पत्ता लागू न देता असा टायर गाडीला बसवताही येतो. २०२४ च्या दिवाळीत नाशिकमधल्या एका टायरच्या दुकानात माझ्या बाबतीत हेच घडले. तक्रार अजून चालू असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही. फसवण्याची पद्धत मात्र सविस्तर लिहीत आहे, कारण तारीख तपासणारा ग्राहकसुद्धा या पद्धतीत सापडतो.

गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी खुणेपर्यंत झिजली होती. टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की फक्त १.६ मिलिमीटर खोली उरली असे समजायचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीसाठी ती किमान मर्यादा आहे. नव्या टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर खोली असते, त्यामुळे पावसाळ्यात खाचांमधून पाणी बाहेर फेकण्याची ताकद या खुणेच्या बरीच आधी कमी झालेली असते. उन्हाळ्यात नागपूरला आईकडे समृद्धी महामार्गाने जायचे होते, म्हणून टायर वेळेवर बदलायचे ठरवले.

दुकानात गेल्यावर मी उत्पादनाची तारीख विचारली. दुकानदाराने समोर मांडलेला एक टायर माझ्याकडे फिरवला आणि स्वतःच बोट ठेवून दाखवले, “ताई, वाचून घ्या, आपल्याकडे जुना माल राहतच नाही.” तिथे ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी, लांबट गोल चौकटीत, ३१२४ असे चार आकडे होते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे तो टायर २०२४ च्या एकतिसाव्या आठवड्यात, जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, तयार झाला होता. माझे समाधान झाले. मग मला आत काचेच्या केबिनमध्ये बसवून चहा आला, गाडी जॅकवर गेली, आणि कामाच्या मुलाने मागच्या गोदामातून दोन टायर घरंगळत आणले. मला दाखवलेला टायर जागेवरच राहिला. सणामुळे गर्दी होती, चाके बसली, बॅलन्सिंगची वजने लागली आणि गाडी बाहेर आली.

खरी हातचलाखी बसवण्यात होती. टायरला दोन बाजू असतात, आणि अनेक टायरांवर तारखेचे चार आकडे त्यांपैकी एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला संकेतांक असला तरी तो अर्धवट असतो. ज्या टायरवर बाहेरची बाजू कोणती हे छापलेले नसते, तो कोणतीही बाजू बाहेर ठेवून बसवता येतो. माझ्या गाडीला दोन्ही टायर तारखेची बाजू आत, म्हणजे गाडीच्या पोटाकडे, ठेवून बसवले गेले. गाडीभोवती फिरून कितीही बारकाईने पाहिले असते, तरी ते आकडे दिसणे शक्यच नव्हते.

बिलाचीही तीच तऱ्हा. त्या वेळी टायरवर २८ टक्के जीएसटी होता (तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे), आणि दुकानदाराने आधी बिनबिलाचा भाव सांगितला. मी पक्के बिलच मागितल्यावर “बिल करणारा मुलगा सुट्टीवर आहे, परवा व्हॉट्सॲपवर पाठवतो” असे म्हणून ‘टायर २ नग’ एवढेच लिहिलेला कागद हाती दिला. पक्के बिल पुढे कधीच आले नाही. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढाच आज माझ्याकडे व्यवहाराचा भक्कम पुरावा आहे.

हिवाळा सरता सरता गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरू लागले. दुसऱ्या भागातल्या एका अलाइनमेंटवाल्याकडे गाडी नेली. त्या दादांनी ती लिफ्टवर चढवली, मोबाइलचा दिवा पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूवर धरला, फडक्याने धूळ पुसली आणि विचारले, “ताई, हे टायर कधी टाकले?” मी दिवाळीत टाकले असे सांगितले, तेव्हा त्यांनी मला लिफ्टखाली बोलावून आकडे दाखवले. एका टायरवर १४१८ होते आणि दुसऱ्यावर २२१८. एक टायर २०१८ च्या एप्रिलमधला, दुसरा मेअखेरीचा. त्यांनी नक्षीच्या दोन खाचांमधला भाग अंगठ्याने दाबून वाकवला, तेव्हा खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. अंगठा काढला की त्या पुन्हा मिटत आणि वरून काही दिसत नसे. बाहेरच्या बाजूला पॉलिश मारलेले होते. आतल्या बाजूला ते मारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, आणि तिथले रबर राखाडी, कोरडे पडलेले होते.

दुकानदाराकडे गेल्यावर त्याने शांतपणे सांगितले की टायर वापरलेला नाही, म्हणून तो नवाच आहे, आणि रबराला एक्स्पायरी नसते. हे वाक्य अनेक दुकानांत ऐकवले जाते, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. टायरवर औषधासारखी बाद होण्याची तारीख छापलेली नसते, इथपर्यंत ते खरे आहे. पण रबर न वापरताही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, ऊन आणि उष्णता ही क्रिया वेगाने घडवतात, आणि नक्षीखालच्या पोलादी तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर हळूहळू पकड सोडू लागते. रबरात मिसळलेली संरक्षक द्रव्ये टायर फिरताना, वाकताना पृष्ठभागावर येत राहतात. वर्षानुवर्षे गोदामात पडून असलेल्या टायरला तेही संरक्षण नीट मिळत नाही. म्हणूनच काही मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, तर काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या आत बदल, असा सल्ला देतात. माझ्या गाडीला नवे म्हणून बसवलेले टायर पहिल्याच दिवशी साडेसहा वर्षांचे होते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ते काँक्रीट तासन्‌तास तापत असते. अशा रस्त्यावर, मागच्या सीटवर मुले असताना, पुढच्या टायरची नक्षी पट्ट्यांपासून सुटली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

दुकानदारांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते की सहा-आठ महिन्यांपूर्वीचा, अगदी वर्षभरापूर्वीचा टायर सावलीत नीट ठेवलेला असेल तर तो घेण्यात काही गैर नाही. कारखान्यातून दुकानापर्यंत माल यायला वेळ लागतो. जुना साठा जुना म्हणून सांगून कमी भावात विकला, तर तो निदान उघड व्यवहार असतो. तारीख लपवणे हा मात्र सरळ गुन्हेगारी मनाचा व्यवहार आहे.

माझे म्हणणे त्याने शेवटी एका प्रश्नात मोडीत काढले: “हे टायर माझ्याच दुकानातले कशावरून?” कागदावर टायरचा अनुक्रमांक नव्हता, कंपनी नव्हती, मापही नव्हते. त्यामुळे टायर घेणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की बिलावर प्रत्येक टायरची कंपनी, माप आणि डीओटीचा पूर्ण क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तारीख मांडलेल्या नमुन्यावर वाचून भागत नाही. रिमवर चढवण्याआधी, तुमच्याच गाडीला लागणाऱ्या प्रत्येक टायरवर ती वाचा आणि मोबाइलवर फोटो काढा. टायरची रचना परवानगी देत असेल, तर तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगा. प्रामाणिक दुकानदाराला याचा राग येण्याचे कारण नाही. मापानंतर येणारा भारांकही जुळवून पाहा: १८५/६५ आर १५ या मापापुढे ८८ असेल तर तो टायर ५६० किलो भार पेलतो, आणि गाडीसाठी ठरवलेल्या भारांकापेक्षा कमीचा टायर स्वस्तात गळ्यात मारला जाऊ शकतो.

निघण्यापूर्वी हवाही तपासून घ्यावी. रिमवर नीट बसावा म्हणून टायरमध्ये आधी जास्त हवा भरतात आणि नंतर ती उतरवायची असते. घाईच्या दुकानात ती तशीच राहते. योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेला असतो, आणि तो गार टायरसाठी असतो.

आणखी एक गोष्ट अलाइनमेंटवाल्या दादांकडून कळली. आपण ‘एक्स्चेंज’मध्ये दिलेले गोटा झालेले टायर सगळेच भंगारात जात नाहीत. काहींवर गरम पात्याने नव्या खाचा कोरतात, काळे पॉलिश मारतात आणि ते सेकंडहँड म्हणून पुन्हा विकले जातात. मोटारीच्या टायरमध्ये खाचेखाली कोरण्याजोगे रबर फारसे नसते, त्यामुळे पाते तारांच्या अगदी जवळ पोहोचते. ओळखण्याची खूण अशी की कोरताना तळाचे ते छोटे उंचवटे कापले जातात. खाच खोल दिसते, पण तिच्यात उंचवटा कुठेच सापडत नाही. असा टायर फुकट मिळाला तरी गाडीला लावू नये.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने अर्धी रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, पण “ग्राहकाचा गैरसमज झाला” असे लिहून देण्याची अट घातली. ती मी मान्य केली नाही. आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि वकील न देताही बाजू मांडता येते. यूपीआयची नोंद, दुकानाशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, लिफ्टखाली काढलेले फोटो आणि टायरच्या स्थितीविषयी अलाइनमेंटवाल्यांनी त्यांच्या बिलावर लिहून दिलेला शेरा, हे सर्व मी जोडले आहे. गाडीला दुसरीकडून टायर घेतले असून त्यांचे क्रमांक बिलावर आहेत. ते २०१८ चे दोन्ही टायर पुरावा म्हणून घरी ठेवले आहेत. निकाल लागला की त्यांच्या बाजूच्या भिंती कापूनच ते भंगारात देणार आहे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या गाडीला लागणार नाहीत.