ठिबकच्या टायमरला ऑसिलेटर कोणता? आठ महिने वापरल्यावर

तासगाव तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ठिबकचे व्हॉल्व ठरल्या वेळी उघडणारा टायमर मी त्यांना करून दिला. चिप एटीमेगा ३२८पी (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे चिमुकला संगणक), बोर्ड अर्डुइनो नॅनोचा बाजारू क्लोन, म्हणजे नक्कल. चिप वेळ मोजते ती ऑसिलेटरच्या ठोक्यांवर. सांगलीत टेबलावर दोन दिवस चालवून पाहिला, ठीक वाटला, नेऊन बसवला. सतराव्या दिवशी पहाटे मामांचा फोन. "आरं, पाचला पानी सुटायचं हुतं न्हवं? पावणेसहा होऊन गेलं की!"

प्रोग्राम तीनतीनदा तपासला. चूक तिथं नव्हतीच. ठोके द्यायला त्या क्लोनवर क्वार्ट्झचा क्रिस्टल नाही, त्याहून कमी अचूक असा तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर आहे. अशा रेझोनेटरची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत चालते असं धरतात. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज सात मिनिटांपर्यंत मोकळीक. माझा रोज तीन मिनिटं मागे पडत होता, सतरा दिवसांत पाऊण तासाच्या वर. टेबलावरच्या दोन दिवसांत सहा मिनिटं गेलीच असणार, मी बघितली नाहीत. (अर्डुइनोच्याच ऊनो आर३ बोर्डवर चकाकणारा क्रिस्टल दिसतो म्हणून खूश होणाऱ्यांनो, तो यूएसबीच्या चिपचा असतो. मुख्य चिपला तिथंही रेझोनेटरच.)

मग सुट्या चिपवर आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) ऑसिलेटर वापरून पाहिला. बाहेर एकही भाग लागत नाही, हे मोठं सुख. पण कारखान्यातून तो ±१० टक्के अचूकतेनं येतो, तेही ३ व्होल्ट आणि २५ अंशांना. व्होल्टेज किंवा तापमान हललं की तोही हलतो. घड्याळ म्हणून तो बादच, पण मोबाईलवर मेसेज पाठवणाऱ्या जीएसएम मॉड्यूलशी ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) बोलतानाही दुपारी कचरा अक्षरं यायला लागली. अशा सिरीयल बोलण्याला वेगाची चूक दोन टक्क्यांच्या आत राहावी लागते. सकाळी मेसेज नीट, दुपारी नाही, असं दिसलं की आधी इकडं बघा. मी दोन दिवस सिमकार्डला शिव्या देत बसलो.

याच काळात एक उद्योग केला. फ्यूज बिट (चिपनं कोणता ऑसिलेटर वापरायचा वगैरे ठरवणाऱ्या सेटिंग) लिहिताना क्रिस्टल नसलेल्या चिपला 'बाहेरचा क्रिस्टल' असं सांगून बसलो. चिप मेल्यासारखी, प्रोग्रामरला (चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या यंत्राला) ओळखच देईना. टाकून देणार होतो. मग दुसऱ्या बोर्डच्या टायमर पिनवरून चौकोनी लहर काढून हिच्या एक्सटाल १ या ऑसिलेटरच्या पायाला दिली, प्रोग्रामरचा वेग कमी केला आणि फ्यूज परत लिहिले. चिप उठून बसली. फेकण्याआधी एवढं करून बघाच.

तिसरा प्रयोग १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर. चूक दिवसाला एकदोन सेकंदांवर आली. पण मोटरचा स्टार्टर ओढला की बोर्ड अधूनमधून अडकायचा. मूळ फ्यूज 'लो पॉवर' क्रिस्टलचा होता. त्यात क्रिस्टलवरची लहर लहान असते, गोंगाटात टिकत नाही. ३२८पी मध्ये 'फुल स्विंग' असाही पर्याय आहे. तो लावला, क्रिस्टल चिपला अगदी चिकटवून बसवला, तेव्हापासून अडकणं जवळपास थांबलं. फक्त लाइट गेली की वेळ विसरणं राहिलंच, आणि आमच्याकडं शेतीची लाइट आज दिवसा, उद्या रात्री.

म्हणून जानेवारीत डीएस३२३१ (लाइट गेली तरी सेलवर चालणारी घड्याळाची चिप) लावला, आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला की मी दोन वेगळी कामं एकाच ऑसिलेटरच्या गळ्यात मारत होतो. व्हॉल्व किती वेळ उघडा ठेवायचा हे एक काम. दोन तासांच्या पाण्यात एक टक्का चूक म्हणजे ७२ सेकंद, वेलीला त्याचं काय? आत्ता किती वाजले हे दुसरं काम. त्यातली चूक रोज साठत जाते.

डीएस१३०७ ही दुसरी घड्याळाची चिप का नको, तर त्याचा बाहेरचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगानं चालतो. थंडीतही मंदावतो आणि उन्हातही. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल आतच असतो, चिप दर ६४ सेकंदांनी तापमान बघून स्वतःला सुधारते. शून्य ते ४० अंशांत ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन), म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. तेच तापमान वाचून पाहिलं तर मे महिन्यात पत्र्याखालच्या डब्यात दुपारी ५२ अंश निघालं! तरी जूनच्या मध्यावर मोबाईलशी ताडला तेव्हा फक्त १३ सेकंद मागे होता.

तक्रार एकच, आणि ती चिपबद्दल नाही, स्वस्त मॉड्यूलबद्दल. त्यावर चार्ज होणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची वाट ठेवलेली असते. आपण दुकानातून साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल आणून घालतो आणि तो बिचारा चार्ज होत राहतो. डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका. मला हे पहिला सेल फुगल्यावर कळलं.

ईएसपी३२ (वायफायवाली दुसरी मायक्रोकंट्रोलर चिप) घ्या असं दोघांनी सुचवलं. गाढ झोपेत (वीज वाचवायला जवळपास बंद असताना) तोही मुळात आतल्या १५० किलोहर्ट्झच्या आरसीवरच वेळ मोजतो, त्यामुळं या कामात फार फरक नाही.

मामांच्या दुसऱ्या प्लॉटचा बोर्ड आता करतोय. त्यात १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल नाही. चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर, वेळ डीएस३२३१ कडून. त्याच्या ३२ किलोहर्ट्झच्या पायाला पुल-अप (पुरवठ्याला जोडलेला रेझिस्टर) लावून ती लहर चिपकडं आणली आहे. दर तासाला चिप स्वतःची गती तिच्याशी ताडते आणि आतल्या ऑसिलेटरची गती ठरवणारं ऑसकॅल रजिस्टर थोडं वरखाली करते. कालच हेअर ड्रायरनं गरम करून बघितलं, मेसेज नीट येताहेत.